एका उड्डाणापुरती मुदत

अवजारखान्याचे कुलूप काढल्यावर बाई आधी दिवा लावीत नसत. आधी खिडकीची झडप वर करीत. धावपट्टीकडून येणारा सकाळचा करडा उजेड समोरच्या भिंतीवर पडला, की कमरेवर हात ठेवून त्या क्षणभर नुसत्या उभ्या राहत. भिंतभर पांढरी फळी होती आणि तिच्यावर प्रत्येक अवजाराची आकृती काळ्या रंगात काढलेली होती. पान्यामागे पान्याची, पकडीमागे पकडीची, दांडीच्या आरशामागे दांडीच्या आरशाची. हँगरमधले लोक त्या आकृत्यांना सावल्या म्हणत. अवजार जागेवर असले की सावली झाकलेली. नेले की तेवढा काळा डाग उघडा पडे आणि लांबूनही डोळ्यांत खुपे.

एकही डाग नाही, हे पाहून झाले की मग दिवा, मग केरसुणी, मग ओल्या फडक्याने खिडकीचा कट्टा. शेवटी, त्याच फडक्याची कोरडी बाजू बिल्ल्यांवरून. फळीशेजारी खिळ्यांच्या रांगेत पितळी बिल्ले टांगलेले असत. हँगरमधल्या प्रत्येक माणसाचा एक, त्यावर त्याचा क्रमांक कोरलेला. माणूस अवजार न्यायला आला की बाई त्याचा बिल्ला रांगेतून काढून त्या अवजाराच्या रिकाम्या सावलीवर अडकवीत. अवजार परत आले की बिल्ला पुन्हा रांगेत. कोणाकडे काय आहे हे विचारावे लागत नसे. दिसत असे.

रांगेतला पहिला बिल्ला बाईंचा स्वतःचा होता. तो कधी हललाच नव्हता; रोजच्या फडक्याने त्याच्यावरचा एकचा आकडा तेवढा चांगला घासून निघालेला होता. अवजारखान्याचा माणूस निष्कलंक निवृत्त झाला, तर त्याचा बिल्ला सागवानी ठोकळ्यावर जडवून त्याला द्यायचा, अशी त्या तळावरची जुनी रीत होती. बाईंच्या आधीच्या माणसाला तो मिळाला नव्हता. बाईंना येत्या हिवाळ्यात मिळणार होता, आणि तो घरी कुठे ठेवायचा हे त्यांच्या भावजयीने आधीच ठरवून ठेवले होते.

"बाई, दहाचा पाना द्या," खिडकीत पहिले डोके नव्या मेकॅनिकचे, लंबूचे, आले. "आणि जरा हसून द्या."

"परत आणशील तेव्हा हसेन."

"आमच्या दोस्ताचं गॅरेज आहे. त्याला म्हटलं, आमच्याकडं दहाचा पाना कधी हरवत नाही. तर म्हणतो, थापा मारू नकोस. दहाचा पाना आणि उसनी नेलेली छत्री, दोन्ही परत येत नाहीत."

"त्याला सांग, आमच्याकडं छत्र्यासुद्धा परत येतात. इथं मी बसते."

लंबू हसत गेला. त्याचा बिल्ला दहाच्या सावलीवर डुलत राहिला.

हसण्यावारी नेण्यासारखी ती गोष्ट नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होते. इंजिनाजवळ विसरलेला एक पाना विमान पाडू शकतो. म्हणून उड्डाणाआधी बाईंनी फोन उचलून 'फळी पूर्ण' एवढे दोन शब्द सांगायचे, आणि ते ऐकल्याशिवाय एकाही इंजिनाला ठिणगी द्यायची नाही, असा नियम होता. एखाद्या सावलीवर बिल्ला लटकत असेल, तर त्या माणसाने हात लावलेले विमान थांबे. पण सावली उघडी आणि तिच्यावर बिल्लाही नाही, असे झाले तर अवजार कोणत्या विमानाच्या पोटात आहे हे कोणालाच सांगता येणार नाही. मग सगळा ताफा थांबे, आणि चूक अवजारखान्याची. बाईंच्या सबंध नोकरीत तसे एकदाही घडले नव्हते.

खिडकीच्या दुसऱ्या अंगाला लाकडी कप्प्यांची एक मांडणी होती. विमानात सुटी वस्तू न्यायची नसते, म्हणून वैमानिक वर जाण्याआधी आपले खिसे या खिडकीत रिकामे करीत. घराच्या किल्ल्या, अंगठ्या, पाकिटे. ज्याचे त्याच्या कप्प्यात. कप्प्यांना दारे होती, कुलपे नव्हती. तरी दुसऱ्याचा कप्पा कोणी उघडीत नसे. साहेब लोकही नाहीत. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, बहुधा म्हणूनच तो कधी मोडला गेला नव्हता.

सातव्या कप्प्याचे दार गेली दोन वर्षे बंद होते. त्याच्या वैमानिकाने एका सकाळी स्कूटरची किल्ली आणि शर्टाचे तुटलेले बटण बाईंच्या हातावर ठेवले होते. "बटण हरवू नका हं काकू, संध्याकाळी शिवून घ्यायचंय." संध्याकाळ झाली, तो आला नाही. त्याच्या विमानातल्या एका झडपेचे आयुष्य संपलेले होते आणि तिला कागदावर मुदतवाढ दिलेली होती. चौकशीत मात्र 'वैमानिकाची चूक' असे ठरले. काही दिवसांनी त्याचे वडील आले. किल्ली आणि बटण त्यांनी रुमालात बांधून घेतले. त्यांना स्कूटर चालवता येत नव्हती. ती दोन्ही हातांनी धरून, ढकलत, ते फाटकाबाहेर गेले, आणि ते दिसेनासे होईपर्यंत हँगरमधल्या कोणी अवजार उचलले नाही.

ताफ्याचा आकडा त्या महिन्यातही अठराच राहिला. एक विमान जमिनीत रुतून गेले तरी आकडा अठरा कसा, याचे उत्तर हँगरच्या मागच्या कोपऱ्यात उभे होते. तिथे एक विमान कित्येक वर्षे चाकांखाली ठोकळे लावून ठेवलेले होते. एखाद्या विमानाला काही कमी पडले की यातून काढायचे: कधी चाक, कधी तारा, कधी काच. लोक त्याला मावशी म्हणत. माय मरो, मावशी उरो, अशा अर्थाने. मावशीच्या पोटात आता हात घातला तर पलीकडून बाहेर निघाला असता. ती हिशेबातून कधीच वजा झालेली होती. अपघातानंतर कोणीतरी तिला कागदावर 'दुरुस्तीखाली' असे पुन्हा जमा केले, आणि अठराचे अठरा भरले.

*

त्या दिवशी दुपारी बाईंचा भाऊ खिडकीशी आला. तो हँगरचा मुख्य मेकॅनिक होता. आईवडील लवकर गेल्यावर बाईंनीच त्याला वाढवले होते, आणि आता त्याचा संसार आणि त्या एकाच घरात राहत होत्या. तळावर तो त्यांना इतरांसारखे 'बाई' म्हणे. आज 'ताई' म्हणाला, तेव्हाच बाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"ताई, जाळीतला पंप काढून दे."

अवजारखान्याच्या मागे लोखंडी जाळीची एक खोली होती. आयुष्य संपलेले भाग लाल चिठ्ठी बांधून तिथे टाकीत. विमानाच्या प्रत्येक भागाला तासांचे आयुष्य ठरवून दिलेले असते. ते संपले की भाग दिसायला कितीही धड असो, त्याने जाळीत जायचे. चाके आणि शेपटीची पाती हलवणारा तेलाच्या दाबाचा एक पंप गेले वर्षभर तिथे पडून होता. आधी तो मावशीत होता, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. तिथून जाळीत.

"कशाला?"

"बाराव्याला लावायचाय. उद्या खरेदी समिती येतेय. बारा विमानं एकदम वर गेली पाहिजेत. अकरा धड आहेत."

"मग अकरा उडवा."

"बारा सांगितलीत."

"सांगायला काय जातंय! मी सांगते अठरा. कागदावर आहेतच की."

भावाने कागद कट्ट्यावर सरकवला. पंपाला एका उड्डाणापुरती मुदतवाढ दिली होती. उद्या सूर्यास्तानंतर ती आपोआप रद्द होणार होती. खाली मुख्य अभियंत्याची सही होती. दुसऱ्या सहीची जागा मोकळी होती. ती भाग बसवणाऱ्याने, म्हणजे भावाने, करायची होती.

"याला मी जाळीचं कुलूप काढणार नाही," बाई म्हणाल्या. "साहेबांना बोलाव."

मुख्य अभियंता साहेब स्वतःच आले. बाईंना वाटले होते ते रागावतील. ते दमलेले दिसत होते. त्यांनी कट्ट्यावर कोपर टेकले आणि आवाज खाली आणला.

"बाई, मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

"कळतं, म्हणूनच विचारतेय साहेब. अकरा उडाली तर काय आकाश कोसळणार आहे?"

"ही विमानं घेतली तेव्हा मी नवा होतो. किंमत ऐकून सगळे टाळ्या वाजवत होते. एवढ्या पैशांत अठरा! मग लक्षात आलं, किंमत फक्त विमानांची होती. सुटे भाग नाहीत, दुरुस्तीचा करार नाही. ते मागाहून बघू म्हणाले. मागाहून बघायला गेलो, तर विकणारा म्हणेल ती किंमत. म्हणून घेतलेच नाहीत. विमान तीस वर्षं सांभाळायचं, तर घेण्याच्या दुप्पट पैसे सांभाळण्यात जातात, हे मी तीनदा लिहून दिलं. तिन्ही वेळा 'नोंद घेतली' असं उत्तर आलं."

"हौसेनं हत्ती आणला, चाऱ्याचं नाव काढलं नाही."

"आता नवा हत्ती येतोय," साहेब म्हणाले. "समितीत दोन तट आहेत. एक म्हणतो, या खेपेला देखभालीचा करार धरूनच घ्या. दुसरा म्हणतो, काय गरज? जुनी विमानं बिनकराराची इतकी वर्षं उडतायत, उद्या बारा उडताना बघा. ती रक्कम गाळली की तेवढ्याच पैशांत विमानं जास्त येतात. पेपरात विमानांचा आकडा छापून येतो, बाई. पंप नाही छापून येत."

बाईंनी कागद साहेबांच्या कोपरापाशी सरकवला. मग म्हणाल्या, "म्हणजे आपणच आपल्या हातानं दाखवून द्यायचं, की यांना उपाशी ठेवलं तरी चालतं. आणि ते दाखवायला बाराव्या विमानाची वैमानिक पोरगी त्या पंपावर बसवायची."

"एकच उड्डाण आहे. बहुतेक काही होणार नाही."

"दोन वर्षांपूर्वीही बहुतेक काही होणार नव्हतं."

साहेबांनी मान खाली घातली. पण कागद उचलला नाही. "आदेश वरून आहे. तुम्ही कुलूप काढलं नाही, तर ते तोडायला सांगतील. मला ते बघायला लावू नका."

बाईंनी कुलूप काढले. पंप भावाच्या हातात देताना लाल चिठ्ठीचा दोरा त्यांनी स्वतः सोडला नाही. "ती तूच सोड," म्हणाल्या.

*

संध्याकाळी घरी भाऊ जेवता जेवता एकदम म्हणाला, "सही केली मी."

भावजयीने त्याच्याकडे पाहिले, मग बाईंकडे. "वन्सं, आधी जेवून घ्या. मग काय ते भांडा."

"भांडत नाहीये मी. विचारतेय. पंप चालवून बघितलास?"

"बघितला. दाब धरतोय. जरा थरथरतो, पण धरतोय."

"जरा म्हणजे किती?"

"ताई, तू असं विचारू नकोस!" भावाने हात ताटातून काढून घेतला. "मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी लंबूला पुढं केलं असतं. त्याला अजून धड कळतही नाही. मी बसवलाय, निदान नीट तरी बसवलाय."

"फासावर चढवायचंच आहे, तर दोरी निदान मऊ बघून लावली, असंच ना?"

"अहो वन्सं, काय बोलताय हे!" भावजय म्हणाली.

"बोलू दे तिला. तिला काय, तिची फळी चोख असली की झालं!" भावाचा आवाज चढला. "मावशीचं शेवटचं चाक कुणी काढलं? मी. अकरा विमानं उडतात ती कुणाच्या जिवावर? दरवेळी नाही, नाही, नाही म्हणत बसलो असतो, तर एक तरी उडालं असतं का? आम्ही काहीतरी करून उडवतो, आणि वरचे म्हणतात, बघा, उडतंय की! आम्ही जितकं नीट काम करतो, तितके ते आम्हाला कमी देतात. आता यात माझं चुकलं कुठं ते सांग!"

त्याचे चुकले नव्हते. त्याची हुशारी, त्याची रात्रंदिवसाची मेहनत, फाटक्याला ठिगळ लावण्याची त्याची ती विलक्षण हातोटी, हे सगळे वरच्या माणसांनी वर्षानुवर्षे आपल्या काटकसरीच्या नावावर जमा करून घेतले होते. राग यायचा तो त्याचा. आणि तो राग कोणाच्या तोंडावर फेकावा असे एकही तोंड या तळावर नव्हते. जे होते ते सगळे 'वरून आदेश आहे' असेच म्हणत होते, आणि खरे बोलत होते.

"तुझं नाही चुकलं," त्या म्हणाल्या. "जेव."

तो जेवला नाही. ताटावरून उठताना पुटपुटला, "एकच उड्डाण आहे."

*

दुसऱ्या दिवशीही बाईंनी आधी खिडकीची झडप वर केली. बाहेर मांडव घातलेला होता. खुर्च्यांना पांढरे अभ्रे होते. नवी विमाने विकणाऱ्या कंपनीची माणसे एकसारखे कोट घालून उभी होती आणि समितीची वाट पाहत होती. मावशीला रातोरात रंग दिला होता. ती रांगेच्या टोकाला, पोकळ पोटाने, नव्या नवरीसारखी उभी होती.

मेकॅनिकांनी शेवटची तपासणी आटोपली आणि अवजारे परत आणली. एकेक बिल्ला रांगेत गेला. लंबूने दहाचा पाना कट्ट्यावर ठेवला. "घ्या. आता हसा."

बाई हसल्या नाहीत. त्याने पुन्हा त्यांच्याकडे पाहिले आणि गुपचूप निघून गेला.

मग वैमानिक आले. खिडकीत घाई, थट्टा, किल्ल्यांचा खळखळाट. सगळ्यांत शेवटी बाराव्या विमानाची वैमानिक. ती या तळावर आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिने आपले पाकीट, किल्ली आणि अंगठी या खिडकीत ठेवून विचारले होते, "पावती नाही?" आणि बाई म्हणाल्या होत्या, "पावती मीच." तेव्हापासून तो तिचा रोजचा विनोद झाला होता.

"पावती द्या काकू." तिने पाकीट आणि किल्ली ठेवली, मग बोट ओढून ओढून अंगठी काढली. "निघत नाही बघा. जाड झालेय. आई म्हणते, वर बसून खाणाऱ्यांचं असंच होतं."

"थांब जरा." बाईंनी वस्तू उचलल्या नाहीत. "पंपाचं वाचलंस का?"

"वाचलं की. उड्डाणाआधी सगळं वाचूनच सही करावी लागते."

"मग?"

"मग काय? मुदतवाढ आहे. खाली सही तुमच्या भावाची आहे. दुसऱ्या कुणाची असती तर दहा प्रश्न विचारले असते मी. त्यांची म्हटल्यावर डोळे मिटून बसते." ती हसली. "आणि पहिल्यांदाच समितीसमोर मला घेतलंय. अकरा पुरुषांत एक मी. आज नाही म्हटलं तर जन्मभर ऐकावं लागेल, घाबरली म्हणून. द्या पावती."

"पावती मीच," बाई म्हणाल्या, आणि वस्तू बाराव्या कप्प्यात ठेवल्या.

मुलगी मैदानातून चालत गेली. तिच्या चालीत इतका आनंद होता, की बाईंना तिकडे पाहवले नाही.

त्या फळीकडे वळल्या. एकही सावली उघडी नव्हती. बिल्ल्यांची रांग भरलेली होती. पहिल्या खिळ्यावरचा त्यांचा स्वतःचा बिल्ला उजेडात इतरांपेक्षा जास्त चमकत होता. फोन हाताशी होता. पलीकडे नियंत्रण मनोऱ्यात माणूस 'फळी पूर्ण' हे दोन शब्द ऐकण्यासाठी बसलेला होता.

बाईंनी हात वर केला आणि दहाचा पाना खिळ्यावरून काढला. त्या सातव्या कप्प्यापाशी गेल्या. दाराची बिजागरी न वापरल्याने जड झाली होती. जरा जोर लावावा लागला. आत थोडी धूळ होती, बाकी काही नव्हते. पाना आत ठेवून त्यांनी दार लावून घेतले. मग त्यांनी फोन उचलला.

"फळी पूर्ण नाही," त्या म्हणाल्या. "दहाचा पाना जागेवर नाही. सावलीवर बिल्ला नाही. चूक माझी."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

पलीकडे आधी धांदल, मग तळप्रमुखांचा आवाज. "बाई? आज? आजच सापडला दिवस?"

"नियम रोजचा आहे, साहेब."

"समिती फाटकात आलीय! एक पाना तर आहे. असेल कुठंतरी पडला. तुम्ही पूर्ण म्हणून सांगा, मागाहून शोधू."

"मला तसं सांगता यायचं नाही. सावली उघडी दिसतेय." मग त्या तितक्याच सरळपणे म्हणाल्या, "पण तुम्हाला अधिकार आहे, साहेब. पाना सापडलेला नसतानाही बारा विमानं सोडावीत, असं तुम्ही सहीनं लिहून दिलंत तर ती जातील. एका उड्डाणापुरतंच. कागद पाठवू का?"

पंपाच्या कागदावर खाली भावाने सही केली होती. त्याच्यावर मुख्य अभियंत्याने केली होती. त्या दोघांच्या वर जी जी माणसे होती, त्यांनी आजवर फक्त 'सांगितले' होते.

"शोधा," तळप्रमुख शेवटी म्हणाले. "सगळं थांबवा आणि शोधा. आणि तुमचा बिल्ला संध्याकाळी माझ्या टेबलावर आणून ठेवा."

"ठेवते, साहेब."

रांगेतल्या विमानांच्या काचा एकेक करून वर झाल्या. वैमानिक खाली उतरले. मेकॅनिक गुडघ्यांवर बसून चाकांखाली, झाकणांआड, गवतात पाहू लागले. मांडवातले कोट घातलेले लोक एकमेकांना काहीतरी विचारीत होते. समितीतले एक वयस्कर गृहस्थ उन्हात उठून मावशीपर्यंत चालत गेले, तिच्या नव्या रंगावर त्यांनी बोट फिरवले, आणि मग वाकून तिच्या पोटात पाहिले. बराच वेळ ते तसेच वाकलेले राहिले. कोणीतरी धावत जाऊन त्यांना चहाकडे वळवले.

भाऊ धापा टाकीत खिडकीशी आला. "दहाचा? लंबूनं आणून दिलेला मी डोळ्यांनी बघितलाय. तू तो…"

तो थांबला. त्याने फळीवरची उघडी सावली पाहिली. बिल्ल्यांची पूर्ण भरलेली रांग पाहिली. मग त्याची नजर कप्प्यांवरून फिरली आणि सातव्या दारावर अडली. दाराच्या कडेची धूळ बोटांनी पुसली गेली होती.

"ताई," तो म्हणाला. "तुझा बिल्ला जाईल. ठोकळा, निरोप, सगळंच. पेन्शनीतही कापतील."

"लोक बघतायत. शोधायला लाग."

तो हलला नाही.

"बाराव्यापासून सुरुवात कर," बाई म्हणाल्या. "पंप उतरवल्याशिवाय त्याच्या मागं काही पडलंय का हे दिसायचं नाही. उतरव. नीट शोध. घाई करू नकोस."

भावाने मान हलवली. जाताना त्याने बाहीने तोंड पुसले. घामच असेल, ऊन बरेच चढले होते.

दुपारनंतर मांडव उतरला. समिती एकही विमान उडताना न पाहता गेली. पुढे ती काय ठरवील, हे बाईंना माहीत नव्हते. पुन्हा आकडाच जिंकेल, अशी त्यांना जवळजवळ खात्री होती. सूर्य मावळताना बाराव्या विमानाची वैमानिक आपल्या वस्तू घ्यायला आली. तिचे डोळे लाल होते.

"कुणाच्या तरी वेंधळेपणामुळं माझा दिवस गेला, काकू," ती म्हणाली. "परत कधी घेतील मला, काय माहीत."

"माझ्या वेंधळेपणामुळं."

मुलगी ओशाळली नाही. रागच होता तिला, आणि तो असायलाच हवा होता. "तुमच्याकडून असं होईल असं कधी वाटलं नव्हतं," एवढेच म्हणून तिने हात पुढे केला.

बाईंनी किल्ली दिली, पाकीट दिले, शेवटी अंगठी दिली. "बघून घे. सगळं आहे ना?"

"आहे." अंगठी बोटात चढवीत ती वळली. पावतीचा विनोद तिने केला नाही. फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिची पाठमोरी आकृती लहान होत गेली; मग वळणावर तिने कोणाला तरी फोन लावला आणि हातवारे करीत, भांडल्यासारखी, बोलत बोलत ती दिसेनाशी झाली.

उजेड गेला. त्याबरोबर ती मुदतवाढही गेली. जाळीत तो पंप पुन्हा येऊन पडला होता आणि भावाने त्याला नवी लाल चिठ्ठी बांधली होती. दोऱ्याला दुहेरी गाठ होती.

बाईंनी सातवा कप्पा उघडला. पाना बाहेर काढून त्यांनी कोरड्या फडक्याने पुसला, आणि पुसता पुसता कप्प्यातली धूळही पुसली. फोन उचलून 'सापडला' म्हणून सांगितले. कुठे होता, या प्रश्नाला 'अवजारखान्यातच' असे उत्तर दिले. मग त्यांनी पाना त्याच्या खिळ्यावर लावला, नीट, सावली कुठूनही दिसणार नाही असा.

त्यानंतर त्यांनी आपला बिल्ला रांगेतून काढला आणि पदराच्या टोकाने एकदा घासून मुठीत घेतला. दिवा घालवून, झडप ओढण्याआधी, सवयीने त्या कमरेवर हात ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या. फळी पूर्ण होती. शेजारच्या रांगेतला पहिला खिळा तेवढा मोकळा होता.